जुनी केमिकल स्टोअर रूम रिकामी करायची आहे (आणि मी सेफ्टी कमिटीत आहे!)

पिपेट
राज्यातल्या एका विद्यापीठात रसायनशास्त्र शिकवतो. कुठल्या ते विचारू नका. नॅकची (विद्यापीठांचं मूल्यांकन करणारी) टीम यायची आहे म्हणून विभागात घाईघाईने सेफ्टी कमिटी स्थापन झाली आणि सगळ्यांत ज्युनिअर म्हणून निमंत्रकपद माझ्या गळ्यात पडलं. पहिलं काम म्हणजे तळमजल्यावरची जुनी स्टोअर रूम रिकामी करणे. तिथे नवीन इन्स्ट्रुमेंट बसवायचं आहे.

काल कुलूप उघडून आत गेलो. बाटल्या इंग्रजी अक्षरक्रमाने लावलेल्या, त्यामुळे नायट्रिक ॲसिड आणि नायट्रोबेंझिन मांडीला मांडी लावून बसलेत. खालच्या फळीवर ईथरच्या तपकिरी बाटल्या, त्यातल्या एकीच्या टोपणाभोवती पांढरे स्फटिक जमलेत. पोटॅशियमच्या बरणीतलं रॉकेल आटून तुकडे उघडे पडलेत, वर पिवळट कवच. बऱ्याच बाटल्यांची लेबलं ॲसिडच्या वाफांनी खाल्लीत. एकीवर बॉलपेनने लिहिलंय, 'सरांचे आहे. हात लावू नये.' कुठले सर, हे विभागात आज कोणालाही सांगता येत नाही.

विभागप्रमुखांचं म्हणणं, निर्लेखन (म्हणजे नोंदींतून रीतसर कमी करणं) झाल्याशिवाय एकही बाटली बाहेर काढायची नाही, ऑडिटमध्ये अडकतं. स्टोअरकीपर म्हणतो, मागच्या वेळी पोत्यात भरून इमारतीमागच्या खड्ड्यात टाकलं होतं, तसंच करू. दोघंही अगदी शांतपणे सांगतात. हे रीतसर कसं करतात? इंडस्ट्रीतलं कोणी असेल तर कृपया लिहा.

घाटमाथा
पहिलं काम, ते कुलूप परत लावा. गंमत करत नाहीये. माझी सगळी नोकरी एमआयडीसीतल्या केमिकल कंपन्यांत गेली, त्यातली बरीचशी सेफ्टीत.

ईथर हवेतल्या ऑक्सिजनशी हळूहळू संयोग पावून पेरॉक्साइड तयार करतं, उजेडात आणखी वेगाने. ईथर उडून जातं, पेरॉक्साइड मागे राहून साठत जातं. टोपणाच्या आट्यांमध्ये स्फटिक असले तर टोपण फिरवताना होणारं घर्षणही स्फोटाला पुरतं. म्हणून टोपणाला हात लावायचा नाही, बाटली उचलायची नाही, रॅक सरकवायचा नाही, त्या खोलीत झाडूसुद्धा मारायचा नाही. आयसोप्रोपिल ईथर असेल तर ते याहून वाईट. टीएचएफ आणि डायऑक्सेन ही सॉल्व्हंटही त्याच कुळातली.

पोटॅशियमचं प्रकरण वेगळं. सोडियमवर पांढरी खपली येते, ती त्या मानाने गरीब. पोटॅशियमवरचं पिवळं-नारिंगी कवच सुपरऑक्साइडचं असतं. खाली धातू, वर ऑक्सिडायझर आणि सभोवती रॉकेल. सुरी लावली की तिथल्या तिथे स्फोट होऊ शकतो. 'जरा खरवडून बघू' म्हणणारा प्रत्येक विभागात एक तरी असतोच, त्याच्या हाती किल्ली देऊ नका.

या दोन गोष्टींसाठी कुलसचिवांच्या सहीचं पत्र पोलिसांच्या बॉम्बशोधक व नाशक पथकाला द्या आणि प्रत पेसोला, म्हणजे पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटनेला. तिचं मुख्यालय नागपूरलाच आहे. बाकी साध्या रसायनांचं संध्याकाळी लिहितो.

आडवाटेकर
आम्ही आयटीवाले. आमच्याकडे सेफ्टी म्हणजे वर्षातून एकदा फायर ड्रिल, सगळे खाली उतरून चहा पितात आणि वर येतात. वाचतोय. पॉपकॉर्न घेऊन बसणार होतो, पण टोपणावरचे स्फटिक वाचून भूक गेली.

सरडा
धागा वाचून आमच्या झूलॉजीच्या लॅबमध्ये जाऊन आले. आमच्याकडे ईथर नाही, पण पिक्रिक ॲसिडची बाटली आहे. पूर्वी हिस्टॉलॉजीसाठी, म्हणजे ऊतींच्या अभ्यासासाठी, बोइन्स फिक्सेटिव्ह हे ऊती टिकवायचं द्रावण विभागातच बनवायचे. आता कोणी बनवत नाही, बाटली मात्र कपाटात आहे. काचेतून बघितलं तर आतली पावडर कोरडी ठणठणीत दिसते. हे धोक्याचं आहे का?

घाटमाथा
आहे. पिक्रिक ॲसिड म्हणजे ट्रायनायट्रोफिनॉल, टीएनटीचं सख्खं भावंड. पहिल्या महायुद्धात तोफगोळ्यांत हेच भरायचे. ते पाण्याने भिजलेलं ठेवतात ते त्यासाठीच, निदान ३० टक्के पाणी हवं. कोरडं झालं की धक्का, घर्षण काहीही चालतं. धातूचं टोपण असेल तर धातूबरोबर पिक्रेट तयार होतात, ती मूळ ॲसिडपेक्षाही तापट. टोपण कशाचं आहे ते लांबून बघा. उघडून पाणी घालायला जाऊ नका, नेटवर तसा सल्ला सापडेल. कपाटाला कुलूप, चिठ्ठी, आणि पिपेट यांच्या पत्रात तुमच्या विभागाचंही नाव घाला. पथक एकदाच येऊ दे.

मायक्रोबायॉलॉजी आणि बायोकेमिस्ट्रीवाल्यांनीही आपापल्या कपाटांत डोकवावं. सोडियम अझाइड वर्षानुवर्षं सिंकमध्ये ओतलं तर शिसं आणि तांब्याच्या नळांत त्या धातूंची अझाइड्स जमतात. ती स्फोटक असतात, आणि बिचारा प्लंबर पाना घेऊन येतो.

जुना खडूस
काय चाललंय हे? आम्ही तोंडाने पिपेट ओढल्या, बेंझिनने हात धुतले, किप्सच्या (वायू तयार करायच्या) उपकरणातला हायड्रोजन सल्फाइड दोन दोन तास हुंगला. त्या सडक्या अंड्याच्या वासावरून तर बीएस्सीची मुलं कॉरिडॉरमध्ये ओळखू यायची. काही झालं नाही. हल्लीच्या मुलांना सगळ्याची भीती.

अबोली_७
काका, ज्यांना झालं ते या धाग्यावर प्रतिसाद द्यायला येणार नाहीत ना.

मी सध्या अमेरिकेत पोस्टडॉक करतेय. इथे ट्रेनिंगमध्ये कॅरन वेटरहान यांची गोष्ट हमखास सांगतात. इथल्याच डार्टमथ कॉलेजच्या प्राध्यापक, विषारी धातूंवरच संशोधन. १४ ऑगस्ट १९९६ ला डायमिथाइल मर्क्युरीचे काही थेंब त्यांच्या लॅटेक्सच्या ग्लोव्ह्जवर पडले. फ्यूम हूडमध्ये (वाफा ओढून घेणाऱ्या कपाटात) काम करत होत्या, ग्लोव्ह्ज होते, तेव्हाच्या नियमांप्रमाणे सगळं बरोबर होतं. पुढचे काही महिने त्यांनाही 'काही झालं नाही'. जानेवारीत तोल जायला लागला, बोलणं अडखळायला लागलं. ८ जून १९९७ ला गेल्या. नंतर तपासलं तेव्हा कळलं की ते द्रव्य लॅटेक्समधून १५ सेकंदांच्या आत आरपार जातं.

आणि किप्सचं म्हणाल तर हायड्रोजन सल्फाइडचं प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं. वास येईनासा होतो तेव्हा खरी पळायची वेळ असते.

जुना खडूस
बरं. लॅटेक्सचं माहीत नव्हतं. तोंडाने पिपेट ओढायचं समर्थन मीही करत नाही, पण आमच्या वेळी रबरी बल्ब शोधावे लागायचे.

कायद्याचं बोला
वकील आहे, शिवाय एका विद्यापीठाच्या पॅनेलवर काम केलंय. पिपेट यांनी विचारलं नाही, पण मला पडलेला प्रश्न असा, की त्या खोलीत उद्या काही झालं तर होतं कोणाला आणि तो कायद्याच्या लेखी कोण?

कारखान्यात कामगार असतो, त्याच्यासाठी कारखाने अधिनियम १९४८ पासूनची चौकट आहे. फॅक्टरी इन्स्पेक्टर येतो, लायसन्स अडतं. विद्यापीठाची प्रयोगशाळा त्या व्याख्येत बसत नाही, कारण तिथे उत्पादन होत नाही. पीएचडीचा विद्यार्थी नोकर नाही, त्याला पगार नसतो. सारथी, बार्टी, महाज्योती किंवा यूजीसी, जिथून येईल तिथून फेलोशिप येते. म्हणजे लॅबमध्ये सर्वांत जास्त तास उभा असणारा माणूस कामगार-भरपाईच्या कायद्याला सहसा दिसतच नाही. तासिका तत्त्वावरचे शिक्षक आणि कंत्राटी अटेंडंट यांची कागदावरची अवस्था याहून फार बरी नाही.

हा घोळ फक्त आपल्याकडचा नाही. लॉस एंजेलिसच्या यूसीएलएमध्ये २९ डिसेंबर २००८ ला शेहरबानो संगजी ही २३ वर्षांची मुलगी टर्शरी ब्यूटिल लिथियम सिरिंजने काढत होती. सिरिंजचा दट्ट्या बाहेर आला, हवा लागताच द्रव्य पेटलं. १८ दिवसांनी ती गेली. ती विद्यार्थिनी नव्हती, पगारी संशोधन सहायक होती, त्यामुळे राज्याच्या सुरक्षा यंत्रणेला हात घालता आला. दंड झाला, २०११ मध्ये विद्यापीठावर आणि तिच्या प्राध्यापकांवर फौजदारी आरोप दाखल झाले, पुढे दोन्हीकडे तडजोड झाली. जानेवारी २०१० मध्ये टेक्सास टेक विद्यापीठात स्फोटात एका मुलाची बोटं गेली. तो विद्यार्थी होता, आणि विद्यार्थी तिथल्या कामगार-सुरक्षा कायद्याच्या कक्षेत येत नाहीत, हे चौकशी अहवालातच नोंदवलंय.

आपल्याकडे ५ डिसेंबर २०१८ ला बंगळूरच्या आयआयएस्सीत हायपरसॉनिक प्रयोगशाळेत स्फोट झाला, एक तरुण संशोधक गेला, तिघे जखमी झाले. ते कॅम्पसवरच्या एका स्टार्टअपसाठी काम करत होते. संस्थेचे नोकरही नाहीत आणि विद्यार्थीही नाहीत!

आडवाटेकर
टेक्सासवाल्याने नक्की काय केलं होतं?

अबोली_७
निकेल हायड्राझिन पर्क्लोरेट बनवत होते, स्फोटक पदार्थांवरचाच प्रकल्प होता. एका वेळी १०० मिलिग्रॅमच्या वर बनवायचं नाही असं तोंडी ठरलेलं. प्रत्येक वेळी थोडं थोडं बनवण्यापेक्षा एकदाच बनवू म्हणून १० ग्रॅम केलं, म्हणजे शंभरपट. मग गुठळ्या झाल्या म्हणून खलात घोटायला घेतलं. तोंडी नियमाचं असंच होतं. ज्याला सांगितला तो पास होऊन गेला की नियमही गेला.

यूसीएलएबद्दल एक पुरवणी. तिने ॲप्रन घातला नव्हता आणि अंगात सिंथेटिक स्वेटर होता. दुर्घटनेच्या आधी ऑक्टोबरमध्येच त्या लॅबची तपासणी झाली होती आणि ॲप्रन घालत नाहीत असा शेरा पडला होता.

सरडा
ॲप्रनवरून आठवलं. आपल्याकडे कॉलेजबाहेरच्या दुकानात मिळतो तो टेरिकॉटचा. पॉलिस्टर आहे म्हणजे आगीत वितळून चिकटणार. सुती ॲप्रन मागितला तर दुकानदार म्हणतो, मॅडम, त्याला इस्त्री राहत नाही. वर ओढणी. प्रॅक्टिकलला मुली ओढणी ॲप्रनच्या बाहेर काढून नीट पसरून घेतात आणि पुढे बर्नर पेटलेला असतो. मी आता ओढणी पिशवीत ठेवल्याशिवाय आत घेत नाही, त्यावरून एका पालकांचा फोनही येऊन गेला. मी स्वतः साडी नेसून प्रॅक्टिकल घेणं बंद केलंय.

पिपेट
आमच्याकडचा खास प्रकार सांगतो. इन्स्ट्रुमेंट रूमच्या दारावर पाटी आहे, 'चपला बाहेर काढाव्यात.' धूळ नको म्हणून. मुलं शेजारच्या सँपल प्रिपरेशनच्या खोलीतही तशीच अनवाणी जातात, कारण दार एकच. आणि तिथे नायट्रिक ॲसिडमध्ये सँपल उकळत असतात.

गंधक
नमस्कार. इथे फक्त वाचत असतो, लिहीत नाही. एका महाविद्यालयात प्रयोगशाळा सहायक होतो, आता निवृत्त. वरची चर्चा चांगली आहे पण सगळे साहेब लोकांचं बोलतायत.

बाटली फोडतो कोण? म्हणजे नवीन बाटलीचं सील. अटेंडंट. अडीच लिटरची सल्फ्युरिकची बाटली स्टोअरमधून दुसऱ्या मजल्यावर नेतो कोण? तोच, मानेला धरून, एका हातात एक अशा दोन, कारण ट्रे नाही आणि लिफ्ट साहेबांसाठी. काचेचं बूच अडकलं तर बर्नरवर मान शेकून लाकडाने हळूच ठोकायचं, हे मला माझ्या आधीच्या माणसाने शिकवलं आणि त्याला त्याच्या आधीच्याने. ईथरच्या बाटलीला असं शेकायचं नसतं, हे कोणी शिकवायचं? ब्युरेट धुवायला क्रोमिक ॲसिडचं घमेलं भरून ठेवायचो, त्यात कोपरापर्यंत हात. नखं पिवळी-तपकिरी झालेली घरच्यांनी बघितली तर म्हणायचे, हळदीच्या वखारीत कामाला आहेस का. क्रोमियमने कॅन्सर होतो हे मला निवृत्तीनंतर पुतणीने सांगितलं, ती फार्मसीला आहे. ग्लोव्ह्ज विद्यापीठाची परीक्षा असली की यायचे. ते पण सगळे लार्ज. हातात बीकर धरला तर घसरायचा, म्हणून काढून ठेवायचो.

वेस्टचा एकच कॅन असायचा. ज्याला जे वाटेल ते ओतायचं. एकदा मुलांनी ॲसिटोनच्या कॅनमध्ये उरलेलं नायट्रिक टाकलं आणि बूच घट्ट लावून गेले. रात्री कॅन फुटला. खोलीत कोणी नव्हतं म्हणून वाचलं. सकाळी फरशी पुसली ती बाईने, तिला काय पुसतेय हे कोणी सांगितलं नाही.

माझ्या नोकरीत तीनदा तरी समिती झाली. एकातही आमच्यापैकी कोणी नव्हतं.

घाटमाथा
गंधक, तुमच्यासारखा माणूस कंपनीत असता तर टूलबॉक्स टॉकला, म्हणजे कामाआधीच्या सेफ्टीच्या छोट्या बैठकीला, पहिला उभा केला असता.

पिपेट, हा प्रतिसाद प्रिंट काढून कमिटीत ठेवा. आणि क्रोमिक ॲसिड आजच बंद करा. लॅबसाठीचे डिटर्जंट मिळतात, ब्युरेट रात्रभर बुडवून ठेवली तर निघते.

आता राहिलेली रसायनं. आधी यादी. गट पाडून ठेवायची: ॲसिडं एकीकडे, अल्कली वेगळ्या, ज्वालाग्राही सॉल्व्हंट वेगळे, ऑक्सिडायझर सगळ्यांपासून लांब. नायट्रिकला स्वतंत्र ट्रे, ते कोणाशीही पटवून घेत नाही. चांगलं सीलबंद आहे ते दुसऱ्या विभागाला देऊन टाका. उरेल ते घातक कचरा म्हणून अधिकृत केंद्रात. आपल्या राज्यात तळोजा, रांजणगाव आणि बुटीबोरीला सोय आहे. प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी लागते, गाडीबरोबर मॅनिफेस्ट, म्हणजे कचऱ्याच्या तपशिलाचा कागद, लागतो. बिनलेबलाच्या बाटल्या ते लोक तशाच घेत नाहीत, तपासणीचे पैसे मागतात, आणि खरा खर्च तिथे येतो.

कायद्याचं बोला
खड्ड्याबद्दल बोलायचं राहिलं. घातक कचरा नियम २०१६ विद्यापीठालाही लागू आहेत. ज्याच्या ताब्यात जागा तो 'ऑक्युपायर', आणि कचरा ९० दिवसांच्या वर साठवायचाही नाही. म्हणजे माणसाच्या बाबतीत कायदा ढिला, पण बाटलीच्या बाबतीत बऱ्यापैकी घट्ट आहे. विभागप्रमुखांना हे कलम दाखवा. विद्यार्थ्यांच्या काळजीने जे हलत नाहीत ते मंडळाच्या नोटिशीने हलतात, असा माझा अनुभव आहे.

पिपेट
सगळ्यांचे आभार. पण निर्लेखनाचं काय? आमचे लेखाधिकारी म्हणतात, कागद रीतसर झाले की विषय संपला, भंगारवाल्याला बोलवा.

अबोली_७
मायापुरी! कोणी लिहिलं कसं नाही अजून?

दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात गॅमासेल नावाचं जुनं उपकरण होतं, आत किरणोत्सारी कोबाल्ट-६०. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून वापरात नव्हतं. ते वापरणारे प्राध्यापक निवृत्त झाले, आत काय आहे हे माहीत असलेली माणसं पांगली. फेब्रुवारी २०१० मध्ये रीतसर लिलावात भंगारात विकलं गेलं. मायापुरीच्या भंगार बाजारात कामगारांनी ते तोडलं. काही जण किरणोत्साराने आजारी पडले, एका कामगाराचा एप्रिलमध्ये मृत्यू झाला. अणुऊर्जा नियामक मंडळाचे लोक गायगर काउंटर घेऊन दुकानादुकानांतून तुकडे शोधत फिरले.

कोबाल्ट-६० चं अर्धायुष्य ५.२७ वर्षं. उपकरण बंद पडल्यापासून पाव शतकात किरणोत्सार ४ टक्क्यांच्या आसपास उतरला असणार. एवढ्यानेही माणूस गेला. आणि तो माणूस विद्यापीठाचा कोणीच नव्हता.

आडवाटेकर
बाप रे. म्हणजे कागद पूर्ण होता.

जुना खडूस
मुंबईकरांनी ट्रॉम्बेही विसरू नये. २९ डिसेंबर २००९ ला भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या केमिस्ट्रीच्या प्रयोगशाळेत आग लागून दोन तरुण संशोधक गेले. अणुभट्टीशी संबंध नव्हता, म्हणून बातमी दोन दिवसांत विरली. मी वर जे लिहिलं ते जरा जास्तच होतं, पण एक मुद्दा सोडत नाही. आमच्या वेळी शिक्षक प्रॅक्टिकलभर टेबलांमधून फिरायचे. आता चाळीस मुलं आणि तासिकेवरचा एकटा मुलगा, तो पुढच्या कॉलेजच्या बसकडे डोळे लावून. ग्लोव्ह्ज कितीही द्या.

सरडा
+१ खडूस काकांना, पहिल्यांदाच!

पिपेट
अपडेट. खोलीला कुलूप आणि नोटीस लावली. कुलसचिवांकडे पत्र गेलं, त्यात झूलॉजीची पिक्रिकची बाटलीही आहे. विभागप्रमुख 'नॅक होऊ दे, मग बघू' म्हणत होते. ९० दिवसांचा नियम दाखवल्यावर खुर्चीत जरा सरळ बसले. मंगळवारी कमिटी आहे. दोन्ही अटेंडंट आणि झाडू-पोछा करणाऱ्या मावशींना सदस्य म्हणून बोलावलंय. यावर एका सहकाऱ्याने विचारलं, त्यांना भत्ता कुठल्या हेडमधून देणार?

बिनलेबलाच्या बाटल्यांचं मात्र अडलंय. तपासणीचं कोटेशन ऐकून लेखाधिकाऱ्यांनी डोक्याला हात लावला.

गंधक
पैसे घालवायच्या आधी जुनी स्टॉक रजिस्टरं शोधा. आमच्याकडे जिन्याखालच्या कपाटात होती, लाल कापडी बांधणीची. खरेदीची तारीख, कंपनी, बाटलीचं माप आणि कोणत्या सरांना दिली ते सगळं हाताने लिहिलेलं असायचं. बाटलीच्या बुडाला काचेत कंपनीची खूण असते ती जुळवून बघा, पण ईथरच्या फळीजवळच्या बाटल्या सोडून. निम्म्यांची तरी ओळख पटेल. आणि स्टोअरमध्ये आधी काम केलेला कोणी निवृत्त माणूस गावात असेल तर त्याच्या घरी जा. फोनवर नाही सांगणार तो.

पिपेट
जिन्याखाली खरंच एक कपाट आहे, किल्ली स्टोअरकीपरकडे. उद्या बघतो. रजिस्टर मिळालं तर यादी इथे टाकेन, घाटमाथा, तुम्ही गट पाडायला मदत करा. सरडा, तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय, टोपणाचा फोटो लांबूनच काढा.